अ.पा.क. मावशी

डिसेंबर २०२२ मध्ये पुणे–बंगळुरू महामार्गावरच्या अपघातात माझी धाकटी बहीण आणि तिचे यजमान दोघेही जागच्या जागी गेले. भाची तेव्हा तेरा वर्षांची होती आणि भाचा आठ वर्षांचा. दिवसकार्य आटोपल्यावर सातारा जिल्ह्यातल्या त्यांच्या गावाहून मी दोघांना पुण्याला माझ्या घरी आणले, जूनची वाट न पाहता जवळच्या मराठी शाळेत त्यांची नावे घातली आणि माझ्या मुलीच्या खोलीत आणखी एक पलंग टाकला. या मुलांचा पालक आता कोण, हा प्रश्न त्या दिवसांत आमच्यापैकी कोणाच्याही मनात आला नाही. मुले माझ्याकडे जेवत होती, झोपत होती, अंगात ताप भरला तर मी त्यांना डॉक्टरांकडे नेत होते. पालक असणे म्हणजे याहून वेगळे काही असते, असे मला वाटत नव्हते.

प्रश्न पहिल्यांदा विचारला तो एका बँकेच्या खिडकीपलीकडच्या तरुणाने. बहिणीच्या बचत खात्यातली रक्कम मुलांच्या नावावर करून घ्यायला मी गेले होते. दोन मृत्यूचे दाखले, मुलांचे जन्मदाखले, आधार कार्डे असा सगळा गठ्ठा त्याने नीट पाहिला आणि विचारले, "तुम्ही मुलांच्या कोण?" मी म्हटले, "मावशी. सख्खी." तो क्षणभर अवघडला आणि म्हणाला, "सख्खी असली तरी चालणार नाही, मॅडम. कोर्टाकडून पालकत्वाचा आदेश आणावा लागेल." मेहुण्यांच्या विम्याच्या बाबतीतही तेच झाले. पॉलिसीवर नामनिर्देशन बहिणीचे होते आणि ती त्यांच्याबरोबरच गेलेली. तेव्हा मुलांच्या वतीने पैसे स्वीकारणार कोण, याचा न्यायालयीन कागद विमा कंपनीलाही हवा होता. त्या वेळी मला दोघांचाही राग आला होता. आज वाटते, की त्या तरुणाने गयावया ऐकून मला पैसे दिले असते तर तीच चूक ठरली असती.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ प्रमाणे मुलाचे नैसर्गिक पालक वडील आणि आई एवढेच. काका, मामा, मावशी, आत्या, आजी-आजोबा यांपैकी कोणीही आपोआप पालक होत नाही, मग मूल त्यांच्या घरी दहा वर्षे का वाढलेले असेना. आईवडिलांनी मृत्युपत्रात पालक नेमून ठेवला असेल तर गोष्ट वेगळी. पण चाळिशीच्या आतली किती माणसे मृत्युपत्र करतात? राहिला तिसरा मार्ग, न्यायालयाने नेमलेल्या पालकाचा, आणि तो जातो १८९० च्या पालक व पाल्य अधिनियमातून. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला हा कायदा आजही नात्यातल्या पोरक्या मुलांना सांभाळणाऱ्यांचा मुख्य आधार आहे, हे मला पन्नाशीत पहिल्यांदा कळले.

वकीलबाईंकडे मी गेले तेव्हा माझी समजूत अशी होती, की एक अर्ज करायचा आणि एक शिक्का घ्यायचा. त्यांनी पहिला तासभर मुलांविषयी काही विचारलेच नाही; त्या जमिनीविषयी विचारत राहिल्या. मेहुण्यांच्या नावावर काय होते, वडिलार्जित किती, खरेदीचे किती, वाटप झाले होते का? गावी दोन प्रकारची जमीन होती. एक वडिलार्जित, मेहुणे आणि त्यांचे थोरले भाऊ यांच्या सामायिकात, वाटप न झालेली. ती मोठे भाऊच बघत होते. दुसरी, तीस गुंठ्यांचा उसाचा तुकडा, मेहुण्यांनी स्वतःच्या पगारातून खरेदी केलेला. १९५६ च्या कायद्याचे बारावे कलम सांगते, की एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मालमत्तेतला अज्ञान मुलाचा हिस्सा घरातला सज्ञान माणूस सांभाळत असेल तर त्या हिश्श्यापुरता न्यायालय वेगळा पालक नेमत नाही. म्हणजे वडिलार्जित जमीन माझ्या अर्जात येणारच नव्हती. ती काकांच्या हातात राहणार आणि मुलांचा हक्क त्यात शाबूत राहणार, हे ऐकून माझा एक मोठा घोर मिटला, कारण गावात तोवर "मावशी जमिनीवर डोळा ठेवून पोरं घेऊन गेली" असे बोलायला सुरुवात झालेली होती.

तीस गुंठ्यांचे गणित मात्र मी आयुष्यात विसरणार नाही. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत मुले आणि पत्नी यांच्याबरोबर त्याची आईसुद्धा येते, त्यामुळे मुलांची आजी वारस होती. आता नवराबायको एकाच क्षणी गेलेले. मग माझ्या बहिणीला नवऱ्याचा वारसा मिळाला होता की नव्हता? त्या कायद्याच्या एकविसाव्या कलमात याचे उत्तर आहे: दोघांपैकी आधी कोण गेले हे ठरवता येत नसेल, तर वयाने लहान असलेली व्यक्ती मोठ्या व्यक्तीच्या मागे जिवंत राहिली असे धरायचे. बहीण मेहुण्यांपेक्षा चार वर्षांनी लहान. म्हणून कायद्याच्या नजरेत ती काही क्षण विधवा म्हणून जगली, त्या क्षणांत तिला साडेसात गुंठे मिळाले आणि तिच्यानंतर ते तिच्या दोन मुलांत वाटले गेले. आजीला साडेसात, मुलांना प्रत्येकी सव्वाअकरा गुंठे. वकीलबाई कागदावर हे आकडे मांडत होत्या आणि मी त्या काही क्षणांचा विचार करत बसले होते.

आजी तेव्हा म्हणाल्या, मी हक्कसोड करून देते, मला काय करायचा तुकडा? मलाही ते सोयीचे वाटले होते. वकीलबाईंनीच थांबवले, म्हातारपणी हातात काहीतरी असू द्या, म्हणाल्या. पुढे एकदा गावी गेले असता आजींनी आपणहून विषय काढला: "न्हाई सोडला त्येच बरं झालं. पोरं मोठी झाली, की सहीसाठी का हुईना, म्हातारीला इचारायला येतील."

याच सुमारास सातबाऱ्यावर वारस नोंद झाली आणि तिथे आणखी एक शब्द भेटला. वारसाचा अर्ज काकांनी दिलेला असल्यामुळे मुलांच्या नावापुढे तलाठ्याने 'अ.पा.क. चुलते' असे लिहून टाकले होते. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. ही तीन अक्षरे महाराष्ट्रातल्या हजारो सातबाऱ्यांवर असतील, आणि ती असली की आपल्याला जमीन विकण्याचा अधिकार मिळाला, असा समज गावोगाव पक्का आहे. आम्हालाही २०२३ च्या उन्हाळ्यात एक एजंट येऊन भेटला. रस्त्याकडेचा तुकडा आहे, गिऱ्हाईक तयार आहे, अ.पा.क.ची सही झाली की खरेदीखत होते, असे त्याने काकांना सांगितले होते. वस्तुतः महसुली दप्तरातली ही नोंद कोणालाही पालक करत नाही. नुसता प्रत्यक्ष सांभाळ करणाऱ्या माणसाला अज्ञान मुलाची मालमत्ता विकता येत नाही, असे १९५६ च्या कायद्याचे अकरावे कलम स्पष्ट म्हणते. आणि न्यायालयाने नेमलेल्या पालकालाही परवानगीवाचून विक्री, गहाण, बक्षीस यांतले काही करता येत नाही. काकांनी त्या एजंटला चहा पाजून परत पाठवले, हे मला नंतर कळले.

दरम्यान एका ओळखीच्या समाजसेविकेने सुचवले म्हणून मी मुलांना घेऊन बालकल्याण समितीपुढे गेले. अध्यक्ष आणि चार सदस्य अशी ही समिती बाल न्याय अधिनियम, २०१५ खाली प्रत्येक जिल्ह्यात असते. तिथे मी एक भाबडा प्रश्न विचारला: परदेशात असते तशी प्रतिपालकत्वाची, म्हणजे फॉस्टर केअरची, व्यवस्था आपल्याकडेही आहे म्हणतात, मग मला प्रतिपालक म्हणूनच का नेमत नाही? एका सदस्यबाईंनी समजावून सांगितले, की त्या कायद्यातले प्रतिपालकत्व हे मुलाच्या जैविक कुटुंबाखेरीज दुसऱ्या, समितीने पारखून निवडलेल्या आणि देखरेखीखाली ठेवलेल्या कुटुंबासाठी आहे. ज्यांना नात्यात कोणी उरलेले नाही किंवा नातेवाईक पुढे येत नाहीत, अशा मुलांचा विचार त्यामागे मुख्यतः आहे. मावशी जैविक कुटुंबात मोडते की बाहेर, हा प्रश्न व्याख्या वाचून मला तरी सुटला नाही. पण त्याहून महत्त्वाची गोष्ट त्यांनी पुढे सांगितली. प्रतिपालक कुटुंबावर मुलाचे अन्न, आरोग्य आणि शिक्षण यांची जबाबदारी येते. मुलाच्या इस्टेटीचा अधिकार येत नाही. बँकेच्या खिडकीवर तो आदेश मला उपयोगी पडलाच नसता.

समितीकडे जाणे वाया मात्र गेले नाही. नातेवाइकांकडे राहणाऱ्या निराधार मुलांसाठी महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिचे आताचे नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. प्रत्येक मुलामागे महिन्याला २,२५० रुपये मिळतात. गृहभेट झाली, सामाजिक तपासणी अहवाल तयार झाला आणि समितीच्या आदेशाने दोन्ही मुलांना ती लागू झाली. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये महिना ४,००० रुपयांचे प्रायोजकत्व आहे, पण त्याची वार्षिक उत्पन्नमर्यादा शहरात ९६,००० रुपयांची आहे, आणि नोकरदार घर त्यात बसणे शक्य नव्हते. त्याच दालनाबाहेरच्या बाकावर भेटलेल्या एका आजोबांच्या नातवाचे आईवडील करोनात गेले होते. त्याच्या नावावर राज्य शासनाची पाच लाखांची मुदत ठेव होती आणि पीएम केअर्समधून तेविसाव्या वर्षी दहा लाख मिळणार होते. त्या मुलाला ते मिळाले याचे समाधान आहेच. पण आईबाप कशाने गेले यावरून मुलांच्या पोरकेपणाची प्रतवारी लागावी, हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

दत्तकाचा विषयही निघाला. मावशी ही बाल न्याय अधिनियमाच्या व्याख्येत 'नातेवाईक' आहे, नातेवाइकांमधले दत्तक त्या कायद्याखाली होऊ शकते आणि सप्टेंबर २०२२ पासून त्याचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. हिंदू दत्तक कायद्याने गेले असते तर मला स्वतःची मुलगी असल्यामुळे भाचीला दत्तक घेताच आले नसते. यजमान आणि मी दत्तकाला तयार होतो. थोरलीला विचारले तेव्हा ती बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "मग दहावीच्या सर्टिफिकेटवर बाबांचं नाव येणार नाही ना?" विषय तिथेच संपला.

अर्ज दोन करावे लागले. मुलांच्या व्यक्तीचे पालकत्व, म्हणजे त्यांचा ताबा आणि सांभाळ, हा विषय जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे १९८४ च्या कायद्याने त्या न्यायालयाकडे जातो. मालमत्तेचे पालकत्व मात्र जिल्हा न्यायालयाकडेच राहते. मूल जिथे सामान्यतः राहते तिथले न्यायालय ताब्याच्या अर्जासाठी, आणि मालमत्तेसाठी तेच किंवा मालमत्ता जिथे आहे तिथले, अशी सोय असल्यामुळे आम्ही दोन्ही अर्ज पुण्यातच केले. अर्जात मुलांचे वय, धर्म, राहण्याचे ठिकाण, जवळच्या सर्व नातेवाइकांची नावे आणि पत्ते, मालमत्तेचे वर्णन आणि अंदाजे किंमत, यापूर्वी कोणी असा अर्ज केला आहे का, असे सगळे लिहावे लागते. शिवाय पालक होण्यास मी राजी आहे असे माझे निवेदन, दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी.

मसुदा जेवणाच्या टेबलावर राहिला होता, तो थोरलीने वाचला. संध्याकाळी ती कागद हातात घेऊनच माझ्यासमोर आली. तिच्या आणि भावाच्या नावापुढे प्रत्येक ठिकाणी 'अज्ञान' असे लिहिले होते. "मी अज्ञान कशी? मला वर्गात दुसरा नंबर आहे." कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या माणसाला अज्ञान आणि त्यावरच्याला सज्ञान म्हणतात, त्याचा ज्ञानाशी संबंध नाही, असे मी सांगितले. तिला ते अजिबात पटले नाही, आणि खरे सांगायचे तर सांगताना मलाही पटत नव्हते.

कायद्याप्रमाणे जवळच्या नातेवाइकांना नोटीस काढावी लागते, म्हणून आजी आणि काका अर्जात सामनेवाले झाले. मी त्यांना आधी फोन करून समजावले होते. तरीही बेलिफ नोटीस घेऊन दारात उभा राहिला आणि शेजारपाजाऱ्यांनी ते पाहिले, याचा व्हायचा तो परिणाम झालाच. काका पुढच्या रविवारी पुण्याला आले. ते भांडायला आले नव्हते, माझ्यासमोर मान खाली घालून बसले आणि म्हणाले, "ताई, पोरगी तुमच्याकडं शिकंल, तिचं चांगलंच हुईल. पोरगं तेवढं आमच्याकडं ऱ्हाऊ द्या. भावाचं नाव गावात कुणीतरी लावाय पायजे." त्यांना स्वतःला दोन मुली आहेत. त्यांच्या बोलण्यात लोभ नव्हता. वंश, नाव, जमीन, पाणी द्यायला मुलगा, हे सगळे त्यांच्या दृष्टीने एकच होते. मी हो किंवा नाही काहीच म्हटले नाही. काकांनी मग आपल्या वकिलामार्फत म्हणणे दाखल केले: मुलीबाबत हरकत नाही, मुलाचा ताबा चुलत्यांना मिळावा.

अशा वेळी न्यायालय काय पाहते, हे १८९० च्या कायद्याच्या सतराव्या कलमात आहे: मुलाचे वय, लिंग आणि धर्म, होऊ घातलेल्या पालकाचे चारित्र्य आणि कुवत, नात्याची जवळीक, गेलेल्या आईवडिलांची काही इच्छा होती का, आणि मूल समजत्या वयाचे असेल तर त्याची पसंती. १९५६ च्या कायद्याने या सगळ्यावर मुलाचे हित ठेवले आहे. नात्याची जवळीक मोजायची झाली तर चुलते आणि मावशी यांत कोण अधिक जवळचे, यावर दोन वकील दिवसभर बोलू शकले असते. कौटुंबिक न्यायालयात मात्र वकील हा पक्षकाराचा हक्क नसतो. न्यायालयाच्या परवानगीने तो उभा राहतो. आमच्या प्रकरणात बरेचसे काम समुपदेशकबाईंनीच केले. त्या घरी आल्या, मुलांची खोली पाहिली, माझ्या मुलीशी वेगळे बोलल्या, आणि मग गावी काकांच्या घरचीही माहिती त्यांनी मागवली.

न्यायाधीशांनी दोन्ही मुलांना दालनात बोलावले तेव्हा आम्ही मोठी माणसे बाहेर होतो. आत काय झाले ते थोरलीने रिक्षात बसल्यावर सांगितले. न्यायाधीशांनी शाळा, मित्र, गावचा बैल असे काहीबाही विचारले. कोणाकडे राहायचे, हे विचारलेच नाही. धाकट्याला त्यांनी विचारले, की रात्री तहान लागली तर कोणाला उठवतोस? तो म्हणाला, "ताईला." आणि ताई झोपेतून उठली नाही तर? "मी तिला हलवतो."

ऑक्टोबर २०२३ मध्ये आदेश झाला. दोन्ही मुलांच्या व्यक्तीची पालक म्हणून माझी नेमणूक झाली, आणि भावंडांना एकमेकांपासून वेगळे करणे त्यांच्या हिताचे नाही, असे आदेशात स्पष्ट लिहिलेले होते. काकांना आणि आजींना दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत मुलांना गावी नेण्याची मुभा मिळाली. काका त्या दिवशी न्यायालयात आले होते. त्यांनी बाहेर आल्यावर धाकट्याच्या हातात उसाच्या रसाचा पेला दिला आणि मला म्हणाले, "आता जिमिनीला माझी हरकत न्हाई." जिल्हा न्यायालयातल्या अर्जाला त्यांनी पुढच्याच तारखेला संमतीचे प्रतिज्ञापत्र दिले.

तो दुसरा अर्ज त्यामुळे सरळ गेला, तरी तो मार्च २०२४ पर्यंत चालला. त्यातला एक महिना तरी माझ्या चुकीने गेला, कारण खरेदीखताची सही-शिक्क्याची नक्कल मी वेळेत आणली नव्हती. वर्तमानपत्रात "तमाम लोकांस कळविण्यात येते की" अशी जाहीर नोटीस दिली. हरकत कोणी घेतली नाही. माझी साक्ष प्रतिज्ञापत्रावर झाली. आदेश हातात पडला तेव्हा लक्षात आले, की त्यातली चार वाक्ये मला अधिकार देणारी होती आणि उरलेली दीड पाने माझे हात बांधणारी. जामीनदारासह बंधपत्र द्यावे. सहा महिन्यांच्या आत मुलांच्या मालमत्तेची यादी दाखल करावी. दर वर्षी हिशेब द्यावा. विम्याची आणि बँकेची रक्कम प्रत्येक मुलाच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत ठेवावी आणि ती अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत न्यायालयाच्या परवानगीवाचून मोडू नये. व्याज आणि जमिनीचे उत्पन्न शिक्षणासाठी वापरता येईल. जमीन पाच वर्षांहून अधिक मुदतीने कोणाला कसायला देऊ नये. न्यायालयाने नेमलेला पालक असला तर मूल एकविसाव्या वर्षी सज्ञान होते असा जुना नियम होता, तो १९९९ मध्ये गेला. थोरली अठरा पूर्ण झाल्याच्या दिवशी तिची ठेव तिची होईल आणि तिच्यापुरते माझे पालकत्व संपेल.

बंधपत्रासाठी नाझर कार्यालयात गेले तेव्हा माझ्या यजमानांचे एक जुने सहकारी जामीन राहायला आले होते. शिपायाने त्यांना कौतुकाने विचारले, "काका, तुमचं नातं काय?" ते म्हणाले, "नातं काही नाही, म्हणून तर जामीन." तिथल्या तिथे सगळे हसले, त्या दीड वर्षात मी न्यायालयाच्या आवारात हसल्याचे तेवढेच आठवते.

व्यक्तीच्या पालकत्वालाही अशीच एक वेसण आहे, आणि ती बहुतेकांना ठाऊक नसते. सव्विसाव्या कलमाप्रमाणे न्यायालयाने नेमलेला पालक पाल्याला त्या न्यायालयाच्या अधिकारक्षेत्राबाहेर परवानगीशिवाय नेऊ शकत नाही. थोरलीच्या शाळेची सहल हंपीला निघाली तेव्हा मला हे कलम आठवले आणि मी घाबरून वकीलबाईंना फोन केला. त्यांनी पुरसिस, म्हणजे न्यायालयाला लेखी निवेदन, दिली, आणि त्याबरोबरच भारतात शिक्षण, सहल आणि नातेवाइकांकडे जाणे यांसाठी सर्वसाधारण परवानगी मागून घेतली. कायद्यात तशी सोय आहे. सुरुवातीलाच ती मागायला हवी होती.

उलट, मोटार अपघाताच्या दाव्यासाठी यातले काहीच लागले नाही. २०१९ च्या दुरुस्तीने तिथे सहा महिन्यांची मुदत घातलेली आहे आणि पालकत्वाचा आदेश त्या मुदतीत येण्याची शक्यताच नव्हती. पण दिवाणी प्रक्रियेत अज्ञान मुलाचा दावा त्याच्या हिताविरुद्ध हितसंबंध नसलेला कोणीही सज्ञान माणूस वादमित्र म्हणून दाखल करू शकतो. तिथे मी पहिल्या दिवसापासून मावशी म्हणूनच उभी आहे. भरपाई मंजूर झाली तरी मुलांचा हिस्सा, सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या दंडकाप्रमाणे, ठेवीतच जाईल.

आदेशाची नक्कल गावच्या दप्तरी दिल्यावर फेरफार झाला आणि सातबाऱ्यावर आता मुलांच्या नावापुढे 'अ.पा.क. मावशी' असे आहे. ऊस काकाच करतात, निम्म्या वाट्याने, आणि दर वर्षी बिल आले की त्याची झेरॉक्स मी न मागता पाठवतात. यजमानांनी आणि मी त्याच उन्हाळ्यात मृत्युपत्रे केली आणि आमच्या मुलीचा पालक कोण, हे त्यात नावानिशी लिहून ठेवले.

हिशेबाची वही मी शंभर पानी घेतली आहे. जेवणखाण आणि राहणे यांचा खर्च मुलांच्या पैशातून घ्यायचा नाही, असे आम्ही पहिल्याच दिवशी ठरवले. फी, पुस्तके, शिकवणी आणि दोन्ही मुलांचे चष्मे एवढेच त्यात जाते. मे २०२५ चा हिशेब दाखल करण्याआधी थोरलीने वही मागितली. ती तेव्हा सोळाव्या वर्षात होती. तिने तासभर बसून सगळ्या बेरजा पुन्हा केल्या आणि मला हाक मारली. धाकट्याचे शाळेचे बूट, ३४० रुपये, मी एकदा 'शाळा' या सदरात आणि एकदा 'कपडे' या सदरात लिहिले होते. मी पान पुन्हा लिहून काढले, तिने ते तपासले आणि बेरजेच्या शेजारी पेन्सिलीने बरोबरची खूण केली. वकीलबाईंनी ते पान पाहिले आणि म्हणाल्या, अज्ञान व्यक्तीची खूण हिशेबावर असून चालणार नाही, पुसून टाका. पेन्सिलीची होती, म्हणून ती पुसली गेली.